चाळीसच्या पुढचा नंबर

तीन म्हणजे पाणी. सात म्हणजे उशी. नऊ म्हणजे पंखा कमी करा, आणि दहा म्हणजे एवढाही कमी नको. बारा म्हणजे "जरा एकटं सोडा, रागावलेलो नाही." तेरा म्हणजे "रागावलोय."

ही यादी मी केली. चाळीस नंबर, चाळीस वाक्यं. बाबांनी टॅबलेटवर नंबर दाबायचा आणि मिठूनं त्यांच्या वतीनं अख्खं वाक्य लिहायचं. मिठू म्हणजे बॉट. माणूस नाही, पक्षी नाही, पढवलं तेवढं बोलणारा प्रोग्राम. नाव कट्ट्यावरच्या लोकांनी ठेवलं.

कट्टा म्हणजे मुकाट कट्टा. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली अशा लोकांचा इंटरनेटवरचा गप्पांचा सर्व्हर. साठेक माणसं आणि त्यांची घरची. बाबांना वाचेचे व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, त्यांनी तो सुरू केलेला. त्या येताजाता एवढं बोलायच्या की आईनं त्यांचं नाव बोलक्याबाई ठेवलं. तोंडावर नाही, अर्थात.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. चोवीस वर्षं. वरच्या मशीनच्या खोलीत काम करताना पडले, आणि खाली आणेपर्यंत उजवी बाजू आणि भाषा दोन्ही गेल्या. शब्द आत असतात, बोलक्याबाई म्हणाल्या, पण बाहेरचा रस्ता सापडत नाही. अक्षरं दाखवली तर बाबा त्यांच्याकडे अनोळखी माणसांकडे बघावं तसे बघायचे. पण एकदा बाईंनी आकड्यांचे पत्ते मांडले आणि विचारलं, सतरा कुठाय? बाबांनी डाव्या हातानं पटकन सतरावर बोट ठेवलं. मग अठ्ठावीस. मग सहा. एकही चुकला नाही.

"चोवीस वर्षं मजलेच मोजलेत," आई म्हणाली. "ते कसे जातील?"

तिथून मला नंबरांची युक्ती सुचली.

आता शाळेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी दहावीच्या मधूनच शाळा सोडली. विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर गणित चुकवलं, मी ते सगळ्यांसमोर सांगितलं, आणि सांगताना हसले. त्यांनी महिनाभर वर्गाबाहेर बसायची शिक्षा दिली. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात तिडीक गेली. दप्तर उचललं आणि घरी आले. परत गेले नाही. बाबांनी तीन महिने समजावलं, मी तीन महिने उलट बोलले. शेवटी एके दिवशी बूट घालता घालता ते म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नाही."

आवाज चढवला नाही. नाडी बांधली, हत्यारांची पिशवी उचलली, गेले.

त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मीपण बोलले नाही, मी काय कमी आहे? दहाव्या दिवशी ते पडले. म्हणजे बाबांनी तोंडानं मला सांगितलेलं शेवटचं वाक्य तेच. लोक म्हणतात माणसानं शब्दाला जागावं. बाबा जागले.

मला त्यांच्याकडून आणखी एक वाक्य हवं होतं. कुठलंही. शिवी चालली असती. पण ते माझ्यासाठी आणि त्यांचं स्वतःचं हवं होतं. म्हणून यादी करताना मी एक गोष्ट ठरवली. पाणी, उशी, पंखा, सगळं मी लिहीन, पण माझ्याबद्दलचं एकही वाक्य त्यांच्या तोंडी घालणार नाही. मीच लिहायचं, त्यांनी दाबायचं, आणि मीच खूश व्हायचं? असला भिकारपणा मला जमत नाही.

यादी करायला सोपं होतं. मिठूचं एक पान असतं. त्यावर दोन चौकटी. पहिलीत "हे आलं तर", दुसरीत "हे म्हण". पहिलीत ३ टाकायचं, दुसरीत "पाणी द्या, आणि ग्लास भरून नको, अर्धा." की झालं. आणखी एक मी केलं. नंबर दाबला की मिठू तो लगेच पुसून टाकायचा आणि फक्त वाक्य ठेवायचा. म्हणजे कट्ट्यावर वाचणाऱ्याला वाटावं, माणूसच बोलला. टॅबलेट टिंग करायचा, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, टीव्हीवरचा हा माणूस मूर्ख आहे." तो बावीस नंबर होता. बाबा तो फार वापरायचे.

आठवड्याभरात कट्ट्यावरच्या सगळ्यांना यादी हवी झाली. एक कॅप्टन होते, जहाजावरचे. त्यांना प्रत्येक वाक्यात शिवीगाळ हवी होती. त्यांच्या बायकोनं मला लिहिलं, "पोरी, त्यांचं पाणी मागणंसुद्धा जरा वाकडंच असू दे, नाहीतर ते बोलताहेत असं वाटत नाही." मग कॅप्टनचा तीन नंबर झाला, "पाणी आणा, की समुद्रात जाऊन पिऊ?" पहिल्यांदा दाबलं तेव्हा म्हणे ते इतके हसले की खोकला लागला. मी माणसांच्या घरी विचारायचे, आधी कसे बोलायचे, कशावर चिडायचे, कुणाला काय हाक मारायचे. आणि तसं लिहायचे. कट्ट्यावर माझं नाव ठिणगी. बोलक्याबाई म्हणायच्या, "ठिणगी, तू शाळेत असतीस तर ही वाक्यं कोणी लिहिली असती?" मला ते ऐकायला आवडायचं. बाबांच्या समोर म्हणाल्या तर जास्तच आवडायचं.

बाबा तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

यादी होऊन महिना झाला असेल. दुपारी मी त्यांना सूप भरवत होते. आई लाँड्रीत कामाला, बाराला निघायची ती संध्याकाळी सातला यायची. मधे घरात आम्ही दोघंच. बाबांनी चमचा हातानं बाजूला केला आणि टॅबलेटवर दाबलं. टिंग. मिठू म्हणाला, "असा नंबर नाही. यादी बघा."

मी वाकून बघितलं. "काय दाबलंत?"

त्यांनी परत दाबलं. या वेळी पुसला जायच्या आत दिसला. एक्केचाळीस.

"बाबा, या बिल्डिंगला चाळीसच मजले आहेत," मी म्हटलं. "वर गच्ची. गच्चीला कुलूप."

मला वाटलं, हसतील. लिफ्टवाल्याला लिफ्टचा विनोद. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं. टिंग, असा नंबर नाही. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि मग तेरा दाबलं. रागावलोय.

"रागवा," मी म्हटलं. "सूप गार होतंय."

ती एक वेळ. ती मी विसरून गेले.

दुसरी गोष्ट मास्तरीणबाईंची. त्या पूर्वी भूगोल शिकवायच्या. त्यांचा हात थरथरायचा, एकच्या ऐवजी एकशे अकरा दाबलं जायचं, सातच्या ऐवजी सातशे सत्त्याहत्तर. प्रत्येक वेळी मिठू म्हणायचा, असा नंबर नाही, यादी बघा. मिनिटात वीसवीसदा. त्यांच्या मुलीनं मला लिहिलं, "आईला वाटतं कोणीतरी तिला ओरडतंय. काल ती रडली. आयुष्यभर तिनं मुलांना सांगितलं, चूक आहे, परत बघ. आता मशीन तिला सांगतं."

माझं टाळकंच सरकलं. मिठूवर, माझ्यावर, सगळ्यावर. मिठूच्या पानावर खाली एक बटण होतं. "यादीत नसलेल्या कमांडला उत्तर द्यावं का?" मी ते बंद केलं. सकाळी नाश्ता करताना, एका हातात पाव, दुसऱ्या हातानं. तीन सेकंद लागले असतील. त्यानंतर चुकीचा नंबर दाबला की मिठू तो पुसायचा आणि गप्प बसायचा. ओरडणं नाही, टिंग नाही, काही नाही. मास्तरीणबाईंच्या मुलीनं मला हात जोडल्याची चित्रं पाठवली. सात-आठ.

मला फार बरं वाटलं. खरंच सांगते, त्या आठवड्यात मला फार बरं वाटलं.

घरी एवढाच फरक पडला की टॅबलेट कमी वाजायला लागला. आई म्हणाली, "हल्ली कमी बोलतात गं." मी म्हटलं, "सगळं वेळेवर मिळतं, मागतील कशाला?" दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून कॅप्टनची नाहीतर कुणाची तरी यादी करत असायचे. बाबा टॅबलेटवर बोट मारत बसायचे. बोट मारायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे, परत मारायचे. मला वाटायचं, खेळताहेत. लहान मूल काच टकटकवतं तसं. एकदा मी वैतागले, यादीतलं वाक्य डोक्यात जुळत आलं होतं आणि ती टकटक. मी टॅबलेट त्यांच्या हातून काढून घेतला.

"उगाच बॅटरी जाते बाबा," मी म्हटलं, आणि तो उशाशी पालथा ठेवला.

त्यांनी मागितला नाही. कशानं मागणार?

ते बटण बंद केल्यापासून सहा आठवड्यांनी बाबांना दुसरा झटका आला. सकाळी. मी बाहेरच्या खोलीत होते.

हॉस्पिटलात त्यांचा वॉर्ड पाचव्या मजल्यावर. खाली लिफ्टपाशी नेहमी गर्दी, कारण तिच्या बटणातला दिवा गेलेला. दाबलं तरी लागत नाही. येणारा प्रत्येक माणूस दाबायचा, मग परत दाबायचा, मग शेजारचा दाबायचा. एक आजोबा तर काठीच्या टोकानं दाबत होते. मी बघत उभी राहिले आणि मला बाबा आठवले, धडधाकट, जेवणाच्या टेबलावर. असंच कुणीतरी म्हणालं होतं, लोक काय वेड्यासारखी बटणं दाबत राहतात हो. आणि बाबा म्हणाले होते, "लोक वेडे नसतात. दिवा लागत नाही म्हणून दाबत राहतात. लिफ्ट उशिरा आली तरी चालते. पण बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. माणसाला कळलं पाहिजे की त्याचं पोचलं. दिवा गेला असेल तर मी आधी दिवा बदलतो, मग बाकीचं."

मी तेव्हा मोबाइल बघत होते. ऐकलं कसं होतं कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, किती समजतंय ते सांगता येणार नाही. बाबांचे डोळे उघडे असायचे पण कशावर थांबायचे नाहीत. बोलक्याबाई भेटायला आल्या, आणि पहिल्यांदाच कमी बोलल्या. बाहेर बाकावर बसून म्हणाल्या, "एक काम कर. मिठूची नोंद असते ना, कुणी कधी काय दाबलं? बाबांची काढून दे. कधीपासून कमी झालं ते बघू. डॉक्टरांना उपयोग होईल."

मी बाकावरच मोबाइलवर पान उघडलं. दोन याद्या असतात. यादीत सापडलेलं, आणि यादीत न सापडलेलं. पहिली मला पाठ होती. तीन, सात, बावीस, नऊ. दुसरी मी कधी उघडलीच नव्हती. तिच्यात चुकाच असणार ना, चुका कशाला बघायच्या?

दुसऱ्या यादीत बाबांच्या नावापुढे एकच नंबर होता. एक्केचाळीस. खाली परत एक्केचाळीस. मी बोटानं पान वर सरकवत राहिले. दोनशे बारा वेळा.

बेचाळीस नाही, पन्नास नाही, चुकून चारशे अकरा नाही. आकड्यात बाबा चुकत नाहीत. यादी चाळीसवर संपते हे त्यांना माहीत होतं. त्याच्या पुढचाच नंबर, म्हणजे जे या यादीत नाही ते. मला एक नवीन वाक्य हवंय, एवढंच ते सांगत होते. दोनशे बारा वेळा.

मग मी वेळा बघितल्या. चार वाजून दहा. चार सव्वीस. तीन पंचावन्न. सगळ्या दुपारच्या. एकही आई घरी असतानाची नाही. रविवार सगळे रिकामे. रविवारी आई घरी असते.

"काय झालं?" बोलक्याबाईंनी विचारलं.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, परत घातला.

"तू सांगितलं होतंस ना त्यांना, की यादी वाढवता येते?"

"नाही."

"विचारलं होतंस कधी, की..."

"नाही म्हटलं ना!" मी एवढ्या जोरात ओरडले की नर्स दारातून बाहेर आली.

एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ते होतं की त्यांच्याकडे. मी विचारायचं होतं, बाबा, नवीन वाक्य हवंय? एक. माझ्याबद्दल? एक. शाळेबद्दल? एक किंवा दोन. शंभर प्रश्न लागले असते, शंभर दुपारी लागल्या असत्या, पण निघालं असतं. कॅप्टनच्या बायकोला मी विचारलं, ते तुम्हाला लाडानं काय म्हणायचे. साठ घरांत विचारत फिरले. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारलं नाही, कारण मला मान हवा होता. त्यांनी आपणहून म्हणावं. ते आपणहूनच म्हणत होते, आणि माझा मिठू ते पुसत होता.

आई संध्याकाळी आली तेव्हा तिला सांगितलं. ती बराच वेळ बाबांच्या पायाचं पांघरूण सारखं करत राहिली. मग म्हणाली, "काहीतरी चांगलंच असेल गं."

"तुला काय माहीत?"

"बाप आहे तो तुझा."

"बापानंच म्हटलं होतं, बोलण्यासारखं काही उरलं नाही. तेच परत म्हणायचं असेल. तेही यादीत नव्हतं."

"गप्प बस," आई म्हणाली. परत पांघरूण सारखं करायला लागली.

घरी येऊन मी मिठूचं ते बटण परत चालू केलं. उत्तर बदललं, "यादी बघा" काढून टाकलं, "पोचलं. काय हवंय ते विचारायला कोणालातरी पाठवतो." असं केलं. मग बाकीच्यांची दुसरी यादी बघितली. कॅप्टन शून्य दाबायचे, रोज, जेवणानंतर. बायकोला कळवलं, शोधून काढा. मास्तरीणबाईंचं सगळं खरोखर थरथरणंच होतं, असं मला वाटतं. नक्की नाही. आता मला कशाचंच नक्की वाटत नाही.

मग पहिल्या चौकटीत ४१ टाकलं. दुसरीत काय लिहायचं?

"माफ केलं" लिहिलं. पुसलं. ते मला हवं होतं, त्यांनी म्हटलेलं नव्हतं. "शाळेत जा" लिहिलं, पुसलं. शेवटी नुसतं "ऐकलं" लिहिलं आणि सेव्हवर बोट ठेवून थांबले. ते तर सरळ खोटं होतं. मी कुठे ऐकलं होतं? मिठूची चौकट रिकामी ठेवता येत नाही, तो म्हणतो, काहीतरी लिहा. मी पान बंद केलं.

आता रोज दुपारी मी पाचव्या मजल्यावर जाते. जिन्यानं. बाबांचा डावा हात टॅबलेटवर ठेवते, चारच्या आकड्याजवळ, एकपासून फार लांब नाही. शेजारच्या कॉटवरच्या बाईंचा मुलगा म्हणाला, "ताई, तूच दाब ना त्यांचं बोट धरून." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या आईच्या कॉटमागे जाऊन बसला. बिचारा. त्याचं काय चुकलं?

मी दाबत नाही. एवढं एक मी नाही करणार.

"बाबा," मी म्हणते, "नवीन वाक्य हवंय ना? एक म्हणजे हो."

ते छताकडे बघतात. बोट गरम असतं. हलत नाही.

"शाळेबद्दल?"

तीस सेकंद हात लागला नाही की स्क्रीन काळी होते. म्हणून दर वेळी मी कोपऱ्यात हलकेच बोट लावते, त्यांच्या हाताला धक्का न लावता. मग परत उजळते. पाच वाजता भेटायची वेळ संपते, नर्स दोनदा सांगून जाते. शेवटाला बॅटरीचं चिन्ह लाल होतं.

जाऊ दे. जाते तर जाऊ दे.